सेट खंडूच्या जीपमध्ये, एरियल तुझ्या टपावर

मिलिंददादा, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल गच्च भरला होता. माणसं जिन्यात उभी होती. तथागतांच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग एकेक जण माईकपाशी येऊन तुझ्याबद्दल चांगलं बोलू लागला. कारखान्याचे शेतकी अधिकारी बोलले. जीपवाले बोलले. तू ज्याचं तोंड पाहिलं की रस्ता बदलायचास, तो आपल्या वॉर्डातला पुढारीही डोळे पुसत बोलला. सगळ्यांचं म्हणणं एकच. मिलिंद सरांनी स्वतःच्या गाडीतला वायरलेस सेट काढून दुसऱ्याला दिला आणि स्वतः बिनासेटाचे घाटात गेले. केवढा हा त्याग! केवढं हे मन! मी पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसले होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. शेवटी सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. मिलिंद सरांच्या भगिनी शीलाताई दोन शब्द बोलतील म्हणे. मी उठले नाही. वहिनीनं कोपरानं ढोसलं, तरी उठले नाही.

उठले असते तर जे बोलले असते ते त्या हॉलला झेपलं नसतं. त्याग कसला डोंबलाचा? शुद्ध गाढवपणा होता तो. तू आत्ता कुठं आहेस, कुठं आहेस की नाहीसच, यावर तू असतास तरी आपलं एकमत झालं नसतं. ते राहू दे. पण माझं बोलणं तुला आता मध्येच तोडता येणार नाही, एवढं मात्र खरं, म्हणून सगळं ऐकून घे.

आपण करतो काय, हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना धड माहीत नव्हतं. एकानं तर तुला मोबाइल क्षेत्रातला तज्ज्ञ करून टाकलं. पैठण रोडवरचं आपलं दुकान म्हणजे मुळात गाड्यांना टेप बसवायचं दुकान. टेपचा जमाना सरला तसा तू वायरलेस सेटांकडं वळलास. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आधी चितेगावच्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, मग कन्नडकडच्या कारखान्याचं काम लागलं. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखाना शेतकी विभागासाठी जीप भाड्यानं घेतो. घाटात आणि घाटाखालच्या शिवारात मोबाइलला रेंज नाही, म्हणून प्रत्येक जीपमध्ये एक सेट. हंगाम संपला की सेट काढायचा आणि जीप मालकाच्या दारात जशी होती तशी उभी करायची. गाडीतलं फिटिंग तुझं. सेटांची दुरुस्ती आणि चॅनेल भरणं माझं.

आणि तुझा तो नियम. गाडीला भोक पाडायचं नाही. बाजारातले बाकीचे लोक ड्रिल घेऊन डॅशबोर्डला भिडायचे, स्क्रू ठोकायचे आणि मोकळे व्हायचे. तुझ्या दुकानात ड्रिल मशीन होतं, पण ते गाडीच्या जवळ गेलेलं मी कधी पाहिलं नाही. "गाडी दुसऱ्याची हाय, शिले. आपण तिथं पाव्हणे," असं तू म्हणायचास. मग तू तासन् तास गाडीच्या पोटात शिरून तिच्याच अंगावर जागा हुडकायचास. सीट ज्या बोल्टवर बसलेली असते तो बोल्ट सैल करायचा, त्याच्याखाली आपली लोखंडी पट्टी सरकवायची, बोल्ट परत आवळायचा, आणि त्या पट्टीवर सेट. लाइटरच्या सॉकेटमधून तू कधी करंट घेतला नाहीस. ती वायर बारीक, सेटला पुरत नाही, म्हणून थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीला लागूनच. वायर आत आणायला कंपनीनं ठेवलेलं रबरी बूच असतंच, त्याच्यातूनच आणायची. एरियल टपावर मधोमध, लोहचुंबकाच्या बुडावर. त्याची वायर दाराच्या रबरामागून अशी आणायचास की दार कितीही आपटलं तरी ती चेंगरणार नाही, आणि पावसाचं पाणी तिच्यावरून आत येऊ नये म्हणून बाहेर तिला खाली एक झोळ द्यायचास. एवढ्या एका वायरीसाठी तू जेवण विसरायचास. वहिनीचा डबा दुकानात तसाच पडून राहायचा आणि बोलणी मला बसायची.

काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांचा तुला भारी राग. एकदा वेरूळ-दौलताबादला पर्यटक नेणाऱ्या गाडीवाल्यानं तुझं न ऐकता समोरच्या काचेवर वाटी चिकटवून घेतली. उन्हाळ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी तापली, वाटी सुटली आणि सेट थेट त्याच्या मांडीवरच्या उसाच्या रसात. तो ओला सेट घेऊन आला तेव्हा तू माझ्याकडं बघून जे हसलास ते मी विसरले नाही. आणि तो तवा! कापडी हूडच्या जीपवर लोहचुंबक कशाला धरणार? तू घरी गेलास, चुलीवरचा भाकरीचा तवा उचलून आणलास, हूडच्या लोखंडी दांड्यांना तारेनं पक्का बांधलास आणि त्याच्यावर एरियल बसवलंस. घाटाच्या तळातून आवाज असा खणखणीत आला की कारखान्याचे लोक बघायला जमले. वहिनी तो अख्खा हंगाम शेजारणीच्या तव्यावर भाकरी भाजत होती. "ह्यांचं कौतिक करू का डोक्यात घालायला तवा मागू?" असं तिनं मला विचारलं होतं. तुझा हात खरंच चांगला होता, दादा. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू आधीच भाव खायचास.

पण आपली स्वतःची जीप? ती तर कुणाची भाड्याची नव्हती. तिचा मालक तूच, ड्रायव्हर तूच. हंगामात रोज घाट चढणारी-उतरणारी तीच. तिच्यात एक सेट कायमचा ठोक म्हणून मी किती मागं लागले. डॅशबोर्डच्या पत्र्याला भोकं पाड, बोल्ट टाक, मागून नट वेल्ड करून टाक, म्हणजे तो कुणाला काढताच येणार नाही. मला कळून चुकलं होतं तुझं. कुणाचा सेट बंद पडला की तू आपल्या जीपमधला काढून देणार आणि दुकानात परत येताना ती पट्टी मोकळी असणार. "जे चटकन निघतं ते चटकन जातं, दादा," असं मी म्हणाले, तर तू म्हणालास, "आपल्याच गाडीला भोक पाडलं तं हाताला तसंच वळन पडतं, शिले. उद्या लोकांच्या गाडीला पाडीन." मी चिडून पाना आपटला होता. तू तो उचलून, पुसून जागेवर ठेवलास. वाद तिथंच राहिला.

दुसरा वाद लाइनचा, म्हणजे सगळ्या जीपच्या सामाईक चॅनेलचा. पहिल्या हंगामात जीपवाल्यांनी त्या चॅनेलचं काय केलं होतं ते आठव. कुणी गाणी म्हणतंय, कुणी मेव्हण्याच्या लग्नाचं आवतण देतंय, एक जण तर बायकोचं गाऱ्हाणं कारखान्याच्या साहेबासकट सगळ्यांना ऐकवत होता. मग तू नियम घातलास. काम असेल तरच बोलायचं, नाहीतर लाइन मोकळी. तिथपर्यंत ठीक. पण मी म्हणत होते, निदान घाट उतरायच्या आधी आणि उतरल्यावर प्रत्येकानं आपलं नाव तरी सांगावं. त्यावर तू सगळ्या जीपवाल्यांसमोर म्हणालास, "आमची शिला हजेरी घेनार. दांडी मारली तं बाकावर उभं करीन." सगळे हसले. माझी सूचना त्या हसण्यात गेली. जीपवाले तुझं ऐकायचे, कारण तू त्यांच्यात बसून भाकरी खायचास आणि मी दुकानात बसायचे.

मग घाटाच्या माथ्यावर सत्तारचाचांच्या चहाच्या हॉटेलात मुख्य सेट बसवलास. चाचांचं काम एवढंच, लाइनवर कान ठेवायचा आणि कुणी मदत मागितली तर माणूस पाठवायचा. त्यांनी स्वतःची एक खूण ठरवून घेतली. जीप समोरून गेली की टपाकडं बघायचं. एरियल उभं दिसलं की ती जीप लाइनवर आहे. लाइनवर आहे आणि गप्प आहे, म्हणजे तिचं सगळं बरं चाललं आहे. ही खूण तुला माहीत होती. तुला तर ती आवडली होती. चाचांना बोलायची सुद्धा गरज पडत नाही, असं तू मला कौतुकानं सांगितलं होतंस.

आता त्या सकाळचं. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारून जमवलं आहे. लोक कंटाळले माझ्या विचारण्याला. तू धुकं असतानाच संभाजीनगरहून निघालास. कन्नडला पोचल्यावर मला फोन केलास आणि कनेक्टर विसरलीस म्हणून झापलंस. कनेक्टर तुझ्याच पिशवीत होते, खालच्या कप्प्यात. मी तसं सांगितलं, तू "बरं बरं" म्हणून फोन ठेवलास. छातीत जळजळतंय का अजून, हे मी विचारणारच होते. दिवाळीपासून तू त्या पित्ताच्या गोळ्या चघळत होतास आणि डॉक्टरकडं चल म्हटलं की हंगाम संपू दे म्हणत होतास. तो हंगामही माझ्या डोक्यात जातो आता.

कारखान्याच्या फाटकाशी खंडूची जीप उभी होती. खंडू आपला घाटाकडच्या वाडीवरचा. त्याचे वडील अजून मेंढरं राखतात, तो जीप चालवतो. आदल्या दिवशी त्याच्या सेटमध्ये पाणी गेलं होतं आणि त्याला घाटाखाली तोडणीच्या टोळीकडं जायचं होतं. तू सेट उघडून पाहिलास आणि हे दुकानात शिलाकडं न्यावं लागेल म्हणालास. पुढचं खंडूनं मला सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगते.

"ताई, मी नको नको म्हनलो. म्हनलं दादा, ऱ्हाऊ द्या, मी जातो तसाच. तं मलाच दमात घेतलं त्यायनी. म्हनले, खाली टोळीत लेकरं हायती, बाया हायती, कुणाला काय झालं तं कशानं सांगशीन? आन वाकले सोताच्या जीपच्या सीटखाली. लगेच काढला बी सेट. माझ्या पट्टीवर बसवला. माझं एरियल चांगलंच व्हतं, त्यालाच जोडला."

"आणि त्यांचं एरियल?"

"ते कामून काढतीन, ताई? ती वायर दाराच्या रबरातून काढायची, मंग उद्या परत घालायची. म्हनले, ऱ्हाऊ दे तिथंच. उद्या शिला सेट नीट करून देईन, लगेच जोडीन."

झालं. त्या एका वायरीचा लाड केलास, दादा. जी वायर इतकी नीट ओवली होतीस, ती एका दिवसासाठी उपसायला तुझ्या जिवावर आलं. सेट खंडूच्या जीपमध्ये आणि एरियल तुझ्या टपावर. सगळ्या जगात अशी चूक कुणी करणार नाही. दुसऱ्या कुणाच्या टपावर एरियलच नसतं, किंवा असतं तर सेटही असतो. आपल्याच लोकांना टपाकडं बघायची सवय, आणि तो टप तूच त्यांच्यासमोर खोटा केलास.

खंडू खाली निघून गेला. त्याच्या मागं थोड्या वेळानं तूही घाटाकडं निघालास, कारण खाली आणखी एका जीपचा फ्यूज उडत होता. सत्तारचाचांनी तुला बघितलं. तू हात केलास, त्यांनी केला. "धुकं था, बेटा," ते मला म्हणाले, "लेकिन एरियल साफ दिसलं मला. म्हटलं, मिलिंदभाई लाइन पे हैं. फिर आवाज नाही आला, तो और तसल्ली. कोई परेशानी नहीं म्हणजे." एवढं बोलून ते रडायला लागले. मला त्यांचं रडणं बघवेना आणि त्यांना थांबा म्हणावंसंही वाटेना.

खंडूला ठाऊक होतं की तुझ्याकडं सेट नाही. एकट्या त्यालाच ठाऊक होतं. मग चाचांना का नाही सांगितलं रे, असं मी त्याच्यावर ओरडले. बटण दाबून एक वाक्य बोलला असतास, दादा बिनासेटाचे येतायत, लक्ष ठेवा. तर तो मान खाली घालून म्हणाला, "ते काम व्हतं का, ताई? मला वाटलं हे बोलनं फालतू व्हईन. दादायलाच आवडायचं नाय." तुझा नियम त्यानं पाळला. सगळ्यांनी पाळला.

घाटाच्या मधल्या वळणावर, जिथं कठड्याला लागून गाडी उभी करायला जागा आहे, तिथं तू जीप नीट बाजूला घेतलीस. हँडब्रेक ओढलास. इंडिकेटर लावलास. छातीत दुखत असताना तुला दुसऱ्यांच्या गाड्यांना अडचण होऊ नये हे सुचलं, आणि तीच गोष्ट तुला नडली. वाकडीतिकडी उभी असती तर कुणीतरी शिव्या द्यायला तरी थांबलं असतं. नीट उभ्या असलेल्या गाडीजवळ कोण थांबतो? आपल्या दोन जीप तुझ्या बाजूनं वर गेल्या. त्यांनी एरियल बघितलं आणि तू कुणाशी तरी बोलत असशील असं धरलं. शेवटी एका दुधाच्या गाडीवाल्याला पाना हवा होता, म्हणून तो खिडकीशी आला. तोवर उशीर झाला होता. वेळेत आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. हे वाक्य ते रोज कुणाला तरी सांगत असतील. मला मात्र ते वाक्य रोज ऐकू येतं.

एक गोष्ट मी कुणालाच विचारली नाही, कारण ती कुणाला माहीत असायचं कारण नाही. दुखायला लागलं तेव्हा तुझा हात सीटशेजारच्या त्या पट्टीकडं गेला का? तिथं सेट नाही हे तुला आठवत होतं, की हात लावल्यावर कळलं? मी जीप घरी आणली त्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मी स्वतः हात लावून बघितला. मोकळी पट्टी गार लागते.

तेव्हापासून दुकान बंद ठेवलं. जीपवाले येत होते, कुणाचा माईक तुटलेला, कुणाचा आवाज फाटलेला, आणि मी सगळ्यांना एकच सांगत होते, आधी गाडीला भोक, मग सेट. ज्याला कायमचा ठोकून घ्यायचा असेल त्यानं आत यावं, बाकीच्यांनी जावं. मालक लोक कसले ऐकतात? त्यांचंही खरं होतं. नवी गाडी, हंगामाचं भाडं, कोण कशाला डॅशबोर्ड फोडून घेईल? एक जण म्हणाला, "दादांच्या दुकानात भोक पाडायची भाषा?" मी त्याला शटर ओढायला मदत कर म्हणाले.

वहिनीनं ऐकलं. ती फार बोलत नाही हे तुला माहीत आहे. ती दुकानात आली, माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "शीला, लोकायच्या गाड्यांवर कामून राग काढती? त्यांच्यावर हाय ना, मंग त्यांच्यावरच काढ." मी म्हणाले, तो आहे कुठं? त्यावर ती म्हणाली, "तुला भांडता तरी येतं त्यांच्याशी अजून. मला तेबी जमंना." चहा तिनंच पिऊन टाकला आणि गेली. वहिनीचं असं काही तुला आयुष्यात ऐकायला मिळालं नाही, कारण तू घरी असायचास कधी? तेही तुझ्या नावावर लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सत्तारचाचा मुख्य सेट पोत्यात गुंडाळून घेऊन आले. "ये रख लो, बेटा. हे माझ्याच्यानं नाही होणार आता." सेट टेबलावर ठेवून ते दारातच उभे राहिले, आत येईनात. दादा, त्या क्षणापर्यंत मी त्यांच्यावरही रागावलेले होते. टपाकडं काय बघता, माणसाला हाक मारून बघा ना, असं त्यांना सुनवायचं ठरवून ठेवलं होतं. पण त्यांनी तो सेट घरी नेऊन विकला नाही की फेकला नाही, बसनं मांडीवर घेऊन आले, त्याच्या मागची धूळसुद्धा पुसून. मी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं की सेट जिथं होता तिथं परत जाणार, आणि त्याच्यापुढं तुम्हीच बसणार. फक्त आता ऐकत बसायचं नाही. बोलायचं. घाट उतरायच्या आधी प्रत्येक जीपनं नाव सांगायचं, उतरल्यावर परत सांगायचं, आणि ज्यानं सांगितलं नाही त्याला चाचांनी हाका मारायच्या. त्यानं उत्तर दिलं नाही तर माणूस पाठवायचा, तिथल्या तिथं, टपावर काय आहे ते न बघता.

"और वो नियम? लाइन मोकळी रखने का?"

"तो नियम करणारा गेला, चाचा."

मग मी दुकान उघडलं. गाड्यांना भोकं पाडली नाहीत. खूश होऊ नकोस, तुझं पटलं म्हणून नाही. लोक पाडू देत नाहीत म्हणून. तुझ्याच पट्ट्या, तुझेच बोल्ट. पण एरियलची वायर मी सेटच्या मागं पट्टीतून अशी ओवली आणि वरून आवळून बंद केली की सेट काढायचा तर टपावरचं एरियल खाली उतरवल्याशिवाय तो निघतच नाही. दोघं बरोबर राहतील, नाहीतर दोघं बरोबर जातील. काम कटकटीचं आहे. माझी बोटं तुझ्यासारखी चालत नाहीत, दाराच्या रबरात वायर घालताना नखं तुटतात. एकेक गाडी झाली तशी मी बाहेर येऊन टपाकडं बघायची आणि दर वेळी तुला शिवी द्यायची. रस्त्यावरचा रसवंतीवाला मला वेडी समजायला लागला आहे.

काल खंडू आला. सगळ्यात शेवटी आला, मुद्दाम. त्याच्या जीपमध्ये अजून तुझाच सेट आहे. तो परत द्यायला बघत होता, मी घेतला नाही. सीटखाली वाकून मी बोल्ट आवळत होते आणि तो दारापाशी उभा राहून हातात फडकं पिळत होता.

"ताई, एक इचारू का? उद्या रस्त्यात कुणाचा सेट बंद दिसला, आन त्याला लईच गरज असली तं काय करू? देऊ का काढून?"

"दे ना. एरियल उतरव, सेट काढ, त्याला दे. आणि आपली जीप तिथंच बाजूला लावून बस. कुणीतरी येईल तुला न्यायला. बिनासेटाचं घाटात उतरायचं नाय. कुणीच नाय. मोठा आसो का लहान."

खंडूनं फडकं घडी करून खिशात घातलं. मग हळूच, स्वतःशी हिशोब जुळवल्यासारखा म्हणाला, "व्हय. मंग त्या दिशी दादांचं चुकलंच की."

दादा, हेच वाक्य मला हवं होतं. त्या हॉलमध्ये माणसामागून माणूस उठत होतं आणि मी वाट बघत होते की कुणीतरी एकानं तरी हे बोलावं. तुला मोठा करून करून लोकांनी तुझ्या मरणाला जवळजवळ शोभा आणली होती, आणि माझं म्हणणं एवढंच होतं की ते मरण टळण्यासारखं होतं, कुणाच्याही उपयोगी न पडलेलं होतं, आणि तुझ्या हातानं झालं होतं. शेवटी खंडूनं ते म्हटलं. ज्याला तू सेट दिलास त्यानंच म्हटलं.

आणि मी सीटखालून अशी उसळले की डोकं स्टिअरिंगला आपटलं. हातात पाना तसाच होता. "तू कोण रे सांगणारा?" मी ओरडले. "माझ्या दादाचं चुकलं म्हणायची तुझी लायकी तरी हाय का? तुझ्या टोळीतल्या लेकरांसाठी दिला त्यानं सेट. तुझ्यासाठी दिला. त्याच्यासारखा माणूस हाय का एक तरी तुमच्यात? खबरदार परत हे तोंडातून काढलं तं!" रसवंतीवाला घुंगरू लावलेलं चाक थांबवून बघायला लागला. खंडूचे डोळे भरले, पण तो मागं सरला नाही. "नाय म्हनत, ताई," एवढंच म्हणाला. मग माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि माझा राहिलेला बोल्ट त्यानं आवळला. मी जीपच्या पायरीवर बसून रडले. तुला पोचवून आल्यावर रडले नव्हते तेवढी.

तर आता असं आहे. जगानं तुला मोठा म्हणावं, माझी काही हरकत नाही. परवाच्या भाषणांची कुणी पुस्तिका काढली तर मी दुकानात ठेवीन. पण तू चुकलास, तू गाढवपणा केलास, तू आम्हाला फसवून गेलास, हे बोलायचा हक्क माझा एकटीचा आहे. दुसऱ्या कुणी बोललं तर मी त्याला पान्यानं हाणीन. आणि माझं ऐकून उलट बोलणारा या जगात एकच माणूस होता, मिलिंददादा, तोच गेला.